रोमचे सोने आणि कोकणचा किनारा

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, जोग नदी जेथे समुद्रास मिळते तेथे, आंजर्ले हे गाव वसले आहे. नारळी-पोफळींच्या आगरांतून वर चढत गेले की कड्यावरच्या गणपतीचे देवालय लागते. तेथून खाली पाहिले असता खाडीत विसावलेल्या होड्या, दक्षिणेस हर्णैचे बंदर आणि त्यासमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग हे सारे एका दृष्टिक्षेपात येते. उत्तरेकडे किनारा केळशीवरून बाणकोटकडे जातो. तेथे सावित्री नदीचे मुख आहे. सुवर्णदुर्गाकडे पाहून मराठ्यांच्या आरमाराची आठवण व्हावी हे स्वाभाविकच होय. परंतु त्या आरमाराच्याही सुमारे सोळाशे वर्षे आधी याच पाण्यातून परदेशी गलबते ये-जा करीत होती, आणि त्यांतील माल ज्या थोर पेठेत शेवटी खपत असे ती पेठ म्हणजे रोम.

ही हकिकत कळते ती मुख्यतः एका लहानशा ग्रीक पुस्तकावरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ईजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याने आपले नाव कोठेही दिलेले नाही. पुस्तकास ‘पेरिप्लस’ म्हणतात. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या जलप्रवासाचे वर्णन. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, वारा केव्हा अनुकूल असतो, राजा कोण आहे, चाचे कोठे दबा धरून असतात, असला मजकूर त्यात आहे. वाङ्मय म्हणून त्याची थोरवी फारशी नाही. पण राजकवींच्या स्तुतिस्तोत्रांपेक्षा अशा वाण्याच्या टिपणांनी इतिहासाची अधिक सेवा केली आहे. भडोचच्या दक्षिणेस तो सोपारा व कल्याण सांगतो आणि पुढे सेमिल्ला, मंदगोर, पालेपत्मे, मेलिझिगारा अशी नावे ओळीने देतो. सेमिल्ला म्हणजे चौल, असे बहुतेक विद्वान मानतात. मंदगोर हे कोणी बाणकोटच्या खाडीवर, मंडणगडाजवळ दाखवितात, तर कोणी राजपुरीच्या खाडीवरील मांदाड गावी. पालेपत्मे महाडजवळच्या पाले गावाशी आणि मेलिझिगारा जयगडाशी जुळविण्यात येते. आंजर्ल्याचे नाव या यादीत नाही. परंतु चौलकडून जयगडाकडे किनाऱ्याने निघालेल्या गलबतास आंजर्ल्याचा कडा डाव्या हातास ठेवूनच पुढे जावे लागत असले पाहिजे.

ज्या रोमसाठी हा खटाटोप चालला होता त्याचे राज्य कसे होते? परंपरा असे सांगते की, इ. स. पूर्व ७५३ मध्ये टायबर नदीच्या काठी रोमची स्थापना झाली आणि आरंभी तेथे राजे राज्य करीत होते. इ. स. पूर्व ५०९ मध्ये रोमन लोकांनी उन्मत्त झालेल्या शेवटच्या राजास हाकलून दिले आणि पुन्हा राजा म्हणून कोणासही मानावयाचे नाही, असा निर्धार केला. राजाच्या जागी दरवर्षी दोन कॉन्सल निवडण्यात येऊ लागले. अधिकारी दोन असल्याने एकाच्या हातून मर्यादा सुटली तर दुसऱ्याने त्यास आवरावे, आणि मुदत एकाच वर्षाची असल्याने दोघांपैकी कोणीही सिंहासनाची स्वप्ने पाहू नयेत, असा त्यातील हेतू होता. वडीलधाऱ्या सरदारांची सभा सल्ला देई. तिला सेनेट म्हणत. विद्यापीठांच्या अधिसभेस आजही बोलण्यात ‘सिनेट’ म्हणतात, तो शब्द तेथून आलेला आहे. सामान्य प्रजेनेही दीर्घकाळ झगडून आपले ट्रिब्यून मिळविले, आणि अन्यायाचा हुकूम थांबविण्याचा हक्क त्यांना प्राप्त झाला.

ही व्यवस्था लहान शहरास शोभणारी होती. राज्य भूमध्य समुद्राच्या चारी काठांवर पसरले, सेनापतींच्या हाती फौजा व लुटीचे द्रव्य आले, आणि त्या फौजा नगरापेक्षा आपल्या सेनापतीस अधिक मानू लागल्या. ज्यूलियस सीझर असाच सर्वाधिकारी झाला, इ. स. पूर्व ४४ मध्ये सेनेटच्या सभासदांनी त्याचा भर सभेत खून केला. त्यांना वाटले, प्रजासत्ताक वाचले! वस्तुतः ते त्यापूर्वीच मेलेले होते. पुढील तेरा वर्षांच्या यादवीतून सीझरचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन विजयी झाला. इ. स. पूर्व ३० मध्ये त्याने ईजिप्त जिंकले आणि इ. स. पूर्व २७ मध्ये सेनेटने त्यास ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली. त्याचे चातुर्य असे की, राजा हे नाव त्याने जन्मभर घेतले नाही. कॉन्सल निवडले जात होते, सेनेट भरत होती, ठराव होत होते. मात्र सैन्य आणि ईजिप्तचे उत्पन्न ही दोन्ही त्याच्या एकट्याच्या मुठीत होती. तो स्वतःस पहिला नागरिक म्हणवीत असे. जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने या बाप-लेकांच्या नावांनी ओळखले जातात, ते अजून चालूच आहेत.

ईजिप्त हाती येताच तांबड्या समुद्रावरील बंदरे रोमच्या ताब्यात गेली, आणि कोकणाशी त्याचा संबंध जडला तो येथून. ऑगस्टसच्या काळातील स्ट्रेबो नावाच्या भूगोलकाराने लिहून ठेवले आहे की, एकट्या मायोस होर्मोस बंदरातून दरसाल सुमारे १२० गलबते हिंदुस्थानाकडे जात. ही गलबते जुलै महिन्यात ईजिप्तहून निघत. एडनच्या बाहेर पडल्यावर नैऋत्येचा मोसमी वारा शिडात भरून घेत व भर समुद्रातून सरळ पश्चिम किनारा गाठीत. या वाटेचा शोध हिप्पालस नावाच्या ग्रीक तांडेलाने लावला, असे पेरिप्लसकार म्हणतो. ग्रीकांपुरते ते खरे असेल. पण या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांस आणि अरबांस तो वारा त्याच्याही पूर्वीपासून ठाऊक होता, यात संशय नाही. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या पाण्यात लोटणारा कोळी वाऱ्याचे जे गणित मनाशी मांडतो, तेच त्या परदेशी तांडेलासही मांडावे लागे. ऐन आषाढात या खडकाळ किनाऱ्यास लागणे म्हणजे गलबत फोडून घेणे. म्हणून पाऊस ओसरता ओसरता येथे पोचेल अशा बेताने तो निघे. परतीस डिसेंबर महिना, फार तर जानेवारीचा मध्य. वारा चुकला तर पुढील वर्षापर्यंत परक्या बंदरात बसून राहावे लागे. साऱ्या जगास हुकूम सोडणाऱ्या रोमचा हुकूम या वाऱ्यावर चालत नव्हता.

आता माल पाहा. इटलीची द्राक्षमद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्याचांदीची नाणी भडोच बंदरात उतरत. राजासाठी चांदीची भांडी, उंची वस्त्रे, गाणारी मुले आणि देखण्या मुली यांचा खास नजराणा येई. ही मुले-मुली स्वखुशीने येत नसत. रोमन संस्कृतीने कायदा घडविला, शेकडो कोस सरळ जाणारे फरसबंद रस्ते बांधले, डोंगरावरचे पाणी कमानींवरून शहरांत आणले. परंतु तिच्या घरादारांचा आणि शेतांचा पुष्कळसा भार गुलामांच्या खांद्यावर होता, आणि माणूस हा तिच्या हिशेबाच्या वहीत मालाच्याच रकान्यात मांडला जाई. पेरिप्लसकारही मद्याच्या आणि मलमांच्या मध्येच त्यांची नोंद करून पुढे जातो.

येथून जाई ते सुती कापड, मलमल, हस्तिदंत, अकीक, लांब मिरी आणि सुगंधी द्रव्ये. पैठणाहून अकीक आणि तगर म्हणजे आजच्या तेर गावाहून कापड गाड्यांत भरून, अवघड आडवाटांनी, भडोचला नेत. पैठणहून भडोचला वीस दिवस लागत, आणि तगर पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर होते, इतका तपशील त्या व्यापाऱ्याने दिला आहे. घाटावरून कोकणात उतरणारी जवळची वाट नाणेघाटाची. जकातीची नाणी ज्यात टाकीत असे लोक सांगतात तो दगडी रांजण घाटमाथ्यावर अजून उभा आहे, आणि सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख तेथल्याच लेण्यात आहे.

रोममध्ये या मालाचे काय होई, ते प्लिनी नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने सांगितले आहे. हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्सहून कमी ओढून नेत नाही आणि तेथला माल येथे शंभरपट किमतीस विकला जातो, असा त्याचा आक्षेप होता. रोमच्या शिपायाचा वार्षिक पगार ऑगस्टसच्या वेळी ९०० सेस्टर्स होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. लोलिया पॉलिना नावाची एक सरदारीण एका साध्या वाङ्‌निश्चयाच्या मेजवानीस ४ कोटी सेस्टर्सची मोत्यापाचूंची लेणी अंगावर घालून आली होती, हेही प्लिनीने नमूद केले आहे. कोणी शंका घेतल्यास दाखवावयास दागिन्यांच्या पावत्या ती बरोबर बाळगीत असे! ती संपत्ती तिच्या आजोबाने प्रांत लुटून मिळविली होती. सम्राट टायबेरियसनेही इ. स. २२ मध्ये सेनेटला लिहिलेल्या पत्रात, बायकांच्या रत्नांपायी आपला पैसा परक्यांच्या घरी जातो, अशी खंत व्यक्त केली.

या तक्रारी ऐकून रोमचे सरकार हा व्यापार बंद करू पाहत होते असे वाटेल. तसे काही नव्हते. पूर्वेकडून आलेल्या मालावर ईजिप्तमध्ये शेकडा २५ इतकी जकात घेण्यात येत असे. म्हणजे चार गाठोड्यांपैकी एका गाठोड्याची किंमत सरकारच्या खजिन्यात पडे. ज्या मिऱ्यामलमलींस सेनेटमध्ये नावे ठेवली जात, त्यांच्याच उत्पन्नातून सम्राटाच्या फौजेचा काही पगार भागत असे. उधळपट्टीविरुद्ध भाषणे करणारे आणि जकात मोजून घेणारे सरकार एकच होते, ही गोष्ट राज्यकारभाराच्या इतिहासात पुढेही अनेकदा आढळते.

परंतु रोमची सत्ता जकातनाक्यापाशी संपत होती. ऑगस्टसने इ. स. पूर्व २६ च्या सुमारास ईलियस गॅलस यास फौज देऊन दक्षिण अरबस्तान घेण्यास पाठविले. पाण्यावाचून आणि रोगराईने हाल होऊन ती फौज रिकाम्या हाताने परतली. इकडे कोकणच्या बंदरांत काय चालले होते, ते पेरिप्लसकाराच्या एका वाक्यावरून दिसते. थोरल्या सातकर्णीच्या वेळी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. ते संदनेस नावाच्या राजाच्या हाती गेल्यापासून मात्र तेथला व्यापार अडविला जातो, आणि एखादे ग्रीक गलबत चुकून तेथे शिरले तर पहाऱ्यात भडोचकडे नेले जाते, असे तो सांगतो. हा संदनेस कोण याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण भडोच त्या वेळी क्षहरात क्षत्रपांकडे होते, नहपान हा त्यांचा बलाढ्य राजा, आणि पैठणचे सातवाहन हे त्यांचे वैरी. परदेशी सोने कोणाच्या बंदरात उतरावे, यावरून हा झगडा होता. अशा वेळी रोमन प्रजाजनाचे गलबत पकडले गेले, तर त्याला सोडवावयास रोमची एकही युद्धनौका येथे येत नव्हती. ज्याच्या नुसत्या नावाने भूमध्य समुद्राचे किनारे थरकापत, त्या सम्राटाचा माणूस कल्याणच्या खाडीत एक साधा गिऱ्हाईक होता, आणि दोन राजांच्या भांडणात सापडलेल्या गिऱ्हाइकाची जी गत होते तीच त्याची होत होती.

त्या भांडणाचा शेवट नाण्यांवर कोरलेला आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती सारी नहपानाची. एका अंगास राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूचे नाणे वितळवीत बसण्यास जणू त्याला सवड नव्हती. ही चांदी मूळची रोमन नाण्यांची असावी असे एक अनुमान आहे, आणि ते पटण्यासारखे आहे.

तथापि नहपानाच्या घराण्याने या किनाऱ्यास केवळ त्रासच दिला असे म्हणता येणार नाही. त्याचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील शिलालेखात नद्यांवर फुकट उतारूंना नेणाऱ्या नावा, भडोच आणि सोपारा येथील धर्मशाळा, आणि ३२,००० नारळींचे दान यांचा उल्लेख आहे. कोकणच्या आगरांतील नारळाची ही फार जुनी लेखी नोंद होय.

रोमचा एक सम्राट मात्र या समुद्राच्या दारापर्यंत आला होता. ट्रेजनने इ. स. ११६ मध्ये पार्थियन लोकांचा पराभव करीत इराणच्या आखाताचा काठ गाठला. तेथून हिंदुस्थानाकडे निघालेले एक गलबत त्याच्या दृष्टीस पडले. आपण तरुण असतो तर तिकडे नक्की गेलो असतो, असे तो म्हणाल्याची नोंद एका रोमन इतिहासकाराने केली आहे. पुढच्याच वर्षी त्याचा अंत झाला, आणि त्याने घेतलेले ते प्रांत त्याच्या वारसाने सोडून दिले.

तलवारीने जे झाले नाही ते व्यापाराच्या वाटेने थोडे-थोडे झाले. कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत ज्यांनी स्तंभ, मंडप, पाण्याची टाकी दान दिली त्यांत काही ‘यवन’ आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडील सर्वच परक्यांस हा शब्द लागला. त्यांतील कित्येकांची नावे पुरती इथली आहेत. कार्ल्याच्या एका स्तंभाच्या दात्याचे नाव सिंहध्वज असे आहे. हे सारे रोमहून आले असे मात्र समजू नये. राजपुरीच्या खाडीजवळील कुडे येथील लेण्यांत तर माळी, लोखंडाचा व्यापारी, सार्थवाह, लेखक अशा इथल्याच साध्या लोकांची दाने आहेत. बंदरातल्या उलाढालीचा पैसा कोणाकोणाच्या घरी पोचत होता, ते या नावांवरून उमगते.

कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची एक वीतभर मूर्ती होती. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, तिचे कोणाला काय प्रयोजन होते कोण जाणे! १९४५-४६ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. ती मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. याच्या उलट, इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्याच्या उत्खननात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. त्याच घडणीच्या मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. प्लिनी गेला तोही त्याच ज्वालामुखीच्या प्रकोपात. मद्याच्या उंच, निमुळत्या कुंभांची खापरेही अनेक ठिकाणी मिळतात. पूर्वी ती सरसकट रोमन समजली जात. अलीकडच्या तपासणीत त्यांतील बरीचशी इराणी आखाताकडची ठरली आहेत. असे असले तरी मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर खरे रोमन कुंभ मिळालेले आहेत.

तिसऱ्या शतकात हा ओघ आटला. रोममध्ये सम्राटाचे पद शिपायांच्या मर्जीवर गेले होते, इ. स. १९३ मध्ये तर राजरक्षकांनी ते पद जाहीर लिलावात विकले. चांदीच्या नाण्यात तांबे वाढत गेले, आणि या किनाऱ्यावरचा सराफ नाण्यावरील मुखवट्यापेक्षा धातूचा कस पाहणारा होता. इकडे सातवाहनांचेही राज्य त्याच शतकात लयास गेले. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य इ. स. ४७६ मध्ये संपले. डिनेरियस या रोमन नाण्याच्या नावावरून आलेला ‘दीनार’ हा शब्द तेवढा संस्कृत ग्रंथांत व शिलालेखांत राहिला.

तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे एक ओसाड बंदर आहे. हिंदुस्थानाकडे जाणारी गलबते येथूनही सुटत. बंदरात आलेला माल उंटांवर लादून बारा दिवसांत नाईल नदीकाठच्या कॉप्टॉस गावी नेत व पुढे नदीतून अलेक्झांड्रियास. तेथील वाळूखाली मिऱ्यांनी भरलेला एक हिंदी रांजण, सागवानाच्या तुळया आणि नारळाच्या करवंट्या मिळाल्या आहेत. २०२२ साली तेथील इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. त्याच मंदिराच्या उत्खननात मिळालेल्या वस्तूंत दुसऱ्या शतकातील दोन सातवाहन नाणी होती. ईजिप्तच्या बाजारात त्यांची किंमत कोणी दिली नसती. कोणा प्रवाशाच्या कमरेच्या कशात ती राहून गेली असावीत.